चार्लीची वही आणि आमची वही

ह्यांच्या कपाटातील सर्वांत वरच्या कप्प्याशी माझा पन्नास वर्षांत फारसा संबंध आला नव्हता. मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. हे टेलिफोन खात्यात अभियंता होते. माझी पुस्तके खालच्या तीन कप्प्यांत ऐसपैस मांडलेली, तर ह्यांची वरच्या एकाच कप्प्यात दाटीवाटीने कोंबलेली. त्यांतील बहुतेक इंग्रजी विज्ञानकथा. मुंबईला नोकरी असताना फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून दोन-तीन रुपयांना एक अशा दराने हे ती पुस्तके आणीत. 'तुमची यंत्रमाणसे' असे मी त्यांना थट्टेने म्हणत असे. विज्ञानकथेशी माझा परिचय तो डॉ. जयंत नारळीकरांपुरता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, ही हकिकत मी वर्गात दर वर्षी रंगवून सांगत असे. वरच्या कप्प्याकडे मात्र हात कधी गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना अल्झायमरचे निदान झाले. निदान आम्ही ह्यांच्यापासून लपवले नाही. पण सांगितलेले लक्षात राहतेच असे नाही, त्यामुळे काही दिवस ह्यांना आपला आजार ठाऊक असतो आणि काही दिवस नसतो. पहिला मोठा घाव वाचनावर पडला. अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचेतो पहिला पुसला जाई. एका सकाळी हे तीच ओळ बोट ठेवून पाच-सहा वेळा वाचत राहिले आणि मग वर्तमानपत्र चुरगाळून खोलीच्या पलीकडे भिरकावून दिले. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस! मी कागद गोळा केले, घडी घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आमची लेक परगावी असते. "बाबांना वाचता येत नसेल, पण ऐकता येईल की. त्यांच्या आवडीचं काहीतरी वाचून दाखव," असे ती म्हणाली. मी ज्ञानेश्वरी काढली. ह्यांनी आदराने हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशीही तसेच झाले, तेव्हा मला कळले की माझ्या आवडीचे मी ह्यांच्यावर लादते आहे. मग स्टूल घेतले आणि वरच्या कप्प्यातील हाताला आलेले पहिले पुस्तक खाली काढले. पाठीचा कणा उसवलेला, पाने चहाच्या रंगाची झालेली. ते होते आयझॅक असिमॉव्ह यांनी संपादित केलेले 'द ह्यूगो विनर्स'.

हा संग्रह १९६२ सालचा. 'ह्यूगो' हा विज्ञानसाहित्याचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार. ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाने १९२६ साली निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले, त्याच्या नावाने १९५३ पासून हा पुरस्कार दिला जातो. विज्ञानकथांच्या वाचकांचे दर वर्षी एक मोठे संमेलन भरते आणि त्याचे सभासद मत देऊन विजेते ठरवतात. पंडितांची समिती वगैरे काही नाही. सन्मानचिन्ह म्हणून चकचकीत अग्निबाण मिळतो. पहिल्या काही वर्षांत ज्या लहानमोठ्या कथांना हा मान मिळाला, अशा नऊ कथा या पुस्तकात एकत्र केल्या आहेत आणि त्या वर्षांच्या क्रमाने लावल्या आहेत. हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे. पुढे त्यानेच मला धाकात ठेवले.

आमची वाचनाची वेळ ठरली दुपारी साडेचारची. ऊन कलू लागले की अल्झायमरच्या पुष्कळ रुग्णांची तगमग वाढते. ह्यांचेही तसेच आहे. "घरी जायचंय" असे स्वतःच्याच घरात म्हणत हे दाराशी फेऱ्या घालू लागतात. त्याच्या थोडे आधी चहा, कानातले यंत्र चालू आहे की नाही ते पाहणे, दूरदर्शन बंद, आणि मग वीस मिनिटे वाचन. माझे इंग्रजी उच्चार मराठी वळणाचे. परिच्छेदभर मूळ वाचायचे आणि दोन वाक्यांत मराठीत सांगायचे, अशी पद्धत आपोआप पडली. एक चूक मी आरंभी केली, ती इतरांनी करू नये म्हणून सांगते. "काल कुठवर आलो होतो, आठवतंय का?" असे मी विचारत असे. शिक्षिकेची सवय! ह्यांचा चेहरा लगेच परीक्षेतल्या मुलासारखा होई. मग मी विचारणे सोडले आणि स्वतःच आदल्या दिवशीची गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जाऊ लागले. कधी हे डुलकी घेत, कधी मध्येच अवकाशयानाच्या इंधनाविषयी असे काही बोलत की जुने अभियंते समोर येऊन बसल्यासारखे वाटे.

पहिली कथा वॉल्टर मिलर यांची, 'द डार्फस्टेलर'. रंगभूमीवर माणसांऐवजी यंत्रपुतळे अभिनय करू लागले आहेत आणि एक नावाजलेला म्हातारा नट त्याच नाट्यगृहात झाडलोट करतो आहे. पुन्हा एकदा रंगमंचावर उभे राहण्यासाठी तो काय खटपट करतो, त्याची ही गोष्ट. सेवानिवृत्त झालेल्या प्रत्येकाने ती वाचावी असे मला वाटते. ती लांब आहे, आम्हाला तीन आठवडे पुरली.

एरिक फ्रँक रसेल यांच्या 'अल्लमगूसा'ने मात्र घर हसवले. अवकाशयानाची तपासणी व्हायची असते. सामानाच्या यादीत एक नोंद अशी, की ती वस्तू म्हणजे काय हे कप्तानापासून खलाशापर्यंत कोणालाच ठाऊक नाही. शेवटी ते दिवे लावलेली एक खोटीच पेटी करतात, वर तपासनीसाला काहीतरी ठोकून देतात आणि तपासणी पार पडते. पुढे खरी वस्तू कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ती नोंद म्हणजे छपाईची चूक असते आणि ती वस्तू म्हणजे यानावरचा सरकारी कुत्रा! सरकारी खात्यात हयात घालवलेले आमचे हे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आमच्या स्टोअरलाही असंच होतं," म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी दाराशी फेऱ्या झाल्या नाहीत. हसण्याने आजार बरा होतो असे मी म्हणत नाही. त्या एका संध्याकाळपुरते सांगते.

एव्हरम डेव्हिडसन यांची 'ऑर ऑल द सीज विथ ऑयस्टर्स' ही तर अशा घरांसाठीच लिहिल्यासारखी आहे. सायकलींच्या दुकानातील दोन भागीदार. त्यांतल्या एकाला संशय येतो, की सेफ्टी पिना हव्या तेव्हा कधीच सापडत नाहीत आणि कपाटात कपडे अडकवायचे हँगर मात्र नको तेवढे साठतात, याचे कारण एकच आहे. पिना म्हणजे कोश, हँगर म्हणजे अळ्या आणि त्यांतून वाढून तयार होतात त्या सायकली! शेवट भीषण आहे, पण आम्ही तो फारसा मनावर घेतला नाही. आमच्याकडे चष्मा फ्रीजमध्ये सापडतो आणि किल्ल्या तांदळाच्या डब्यात. पूर्वी अशा वेळी मी वैतागे आणि हे ओशाळे होत. आता आम्ही "अळी झाली वाटतं" असे म्हणतो. ह्यांना गोष्ट आठवत असो वा नसो, त्या शब्दाला हे हसतात.

बाकीच्यांविषयी लांबण लावत नाही. आर्थर क्लार्क यांची 'द स्टार' अप्रतिम आहे. एका धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञाच्या श्रद्धेला एका ताऱ्याच्या स्फोटाने जाणारा तडा असा तिचा विषय. पण मला ती रात्री एकटीने वाचवली नाही. अस्वलांच्या आणि अंगणातून परग्रहावर उघडणाऱ्या दाराच्या कथा आल्या आणि गेल्या. सातवी कथा मात्र बाजूला ठेवता येत नाही.

'दॅट हेल-बाउंड ट्रेन' ही रॉबर्ट ब्लॉक यांची कथा. ज्यांच्या 'सायको' या कादंबरीवर हिचकॉकने चित्रपट काढला, तेच हे ब्लॉक. मार्टिन नावाचा एक भटका तरुण नरकाकडे जाणाऱ्या आगगाडीच्या गार्डाशी सौदा करतो. त्याला एक घड्याळ मिळते. आयुष्यातील ज्या क्षणी आपण पूर्ण सुखी आहोत असे वाटेल, त्या क्षणी किल्ली उलटी फिरवायची. काळ तिथेच थांबेल. मार्टिनला नोकरी मिळते, लग्न होते, मुलगा होतो, पैसा येतो. दर वेळी त्याला वाटते, इतक्यात नको, याहून बरे काही पुढे असेल. किल्ली न फिरवताच तो म्हातारा होतो आणि गाडी न्यायला येते. शेवटी तो ती किल्ली कोठे फिरवतो, ते सांगून वाचकांची मजा घालवत नाही.

घड्याळाचा उल्लेख येताच ह्यांनी हाताने मला थांबवले. मला वाटले, तहान लागली असेल. पण ह्यांना दुसरेच काही आठवले होते. पहिल्या तपासणीच्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांनी ह्यांना कोरा कागद देऊन घड्याळ काढायला आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले होते. ही चाचणी सर्वत्र करतात. साधी दिसते, पण आकड्यांची जागा, काट्यांची दिशा आणि सांगितलेली वेळ हे सगळे एकदम डोक्यात धरावे लागते. ज्या हाताने आयुष्यभर आराखडे काढले, त्या हाताने वर्तुळ सुबक काढले आणि बाराही आकडे उजवीकडच्या अर्ध्या भागात दाटीने बसवले. काटे काढलेच नाहीत. ती तपासणी ह्यांच्या स्मरणात असेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. "ते घड्याळ मला जमलं नव्हतं ना?" हे मला म्हणाले. मी "जमलं होतं" म्हणणार होते. तोंडातून "नाही जमलं" एवढेच निघाले. हे शांतपणे "हं" म्हणाले, आणि मी पुढे वाचू लागले.

आता आठवी कथा. पुस्तक वर्षांच्या क्रमाने असल्यामुळे ती येणार हे मला ठाऊक होते. लेकीने फोनवर विषय सांगितला होता, तेव्हापासून मी पाने मोजत होते. डॅनिएल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' ही कथा १९५९ साली मासिकात आली आणि १९६० साली तिला ह्यूगो मिळाला. पुढे १९६६ साली तिचीच कादंबरी झाली, पण मूळ कथा ती कथाच. मी ती आधी एकटीने, रात्री हे झोपल्यावर वाचली.

चार्ली गॉर्डन सदतीस वर्षांचा आहे. त्याचा बुद्ध्यंक अडुसष्ट. प्लॅस्टिकची खोकी तयार करणाऱ्या कारखान्यात झाडलोट करतो आणि प्रौढांच्या रात्रशाळेत मिस किनियन या बाईंकडे लिहा-वाचायला शिकतो. डॉक्टर त्याच्यावर एक शस्त्रक्रिया करतात, त्याने त्याची बुद्धी तिप्पट होणार असते. तीच शस्त्रक्रिया आधी अल्जरनॉन नावाच्या उंदरावर झालेली आहे आणि चक्रव्यूहाच्या शर्यतीत तो उंदीर चार्लीला हरवतो. संपूर्ण कथा म्हणजे चार्लीने स्वतः लिहिलेली वही. आरंभीच्या पानांवर जवळजवळ प्रत्येक ओळीत शब्द चुकलेले. मग हळूहळू शुद्धलेखन सुधारते. विरामचिन्हांची ओळख होते तेव्हा तो आनंदाच्या भरात स्वल्पविरामांची नुसती पेरणी करतो. पुढे वाक्ये लांबतात, विचार खोल जातात, तो आपल्या डॉक्टरांच्याही पुढे निघून जातो. त्याच वेळी त्याला कळते, की ज्यांना तो मित्र समजत होता ते त्याला हसत होते. मग अल्जरनॉन चिडचिडा होतो, वाटा विसरतो. चार्ली स्वतःच संशोधन करून सिद्ध करतो, की ही मिळवलेली बुद्धी टिकणार नाही. जितक्या वेगाने चढली तितक्याच वेगाने उतरेल. उंदीर मरतो. वही उताराला लागते. मिल्टनचे जे काव्य त्याने आवडीने वाचलेले असते, त्याचा आता अर्थ लागत नाही, तेव्हा तो ते पुस्तक खोलीच्या पलीकडे भिरकावतो.

त्या ओळीपाशी मी पुस्तक मिटले. चुरगाळलेले वर्तमानपत्र डोळ्यांपुढे आले.

पण मला रात्रभर झोप लागली नाही, ती दुसऱ्याच कारणाने. चार्लीची वही वाचताना मला ह्यांची वही आठवली. लग्नापासून हे जमाखर्चाची वही लिहीत आले. खाली एक ओळ दिवसाविषयी, 'पाऊस चांगला झाला', 'मुलीचा निकाल', अशी. आजार सुरू झाल्यावरही लिहीत होते. मागील वर्षी त्या वहीत चुका दिसू लागल्या. 'दुध', 'कोथींबिर', 'पाउस'. आणि मी काय करावे? मी लाल पेन घेऊन त्या दुरुस्त करू लागले. चौतीस वर्षे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेलेला हात आपोआप चालला. मनात वाईट काही नव्हते. उलट असे सरावात ठेवले तर भाषा टिकेल, अशी एक वेडी आशा होती. एके दिवशी ह्यांनी वही उघडली, लाल खुणांकडे बराच वेळ पाहिले, वही मिटली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. त्यानंतर त्यात एक अक्षर लिहिले नाही. "आता लिहिणंही गेलं," असे मी लेकीला आणि डॉक्टरांना सांगितले. आजाराच्या खात्यावर मी तेही मांडून टाकले. लिहिणे आजाराने नेले नव्हते. मी नेले होते.

डॅनिएल कीज स्वतः न्यूयॉर्कमध्ये शाळेत इंग्रजी शिकवीत. मागे पडलेल्या मुलांच्या वर्गातील एका मुलाने त्यांना विचारले होते, की मी खूप मेहनत करून हुशार झालो तर मला नेहमीच्या वर्गात बसता येईल का. त्या प्रश्नातून ही कथा उगवली असे त्यांनी सांगून ठेवले आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी नमूद केली आहे. ज्या संपादकांना त्यांनी कथा प्रथम दाखवली, त्यांना शेवट बदलून हवा होता. चार्लीची बुद्धी टिकावी, त्याने बाईंशी लग्न करावे, सुखाने नांदावे. कीज यांना तेव्हा पैशांची आणि नावाची गरज होती, तरी त्यांनी कथा परत घेतली आणि दुसरीकडे दिली.

माझ्यापुढेही तोच पेच होता. ह्यांना ही कथा वाचून दाखवावी का? दाखवली तर शेवट बदलावा का? मी मराठीत सांगणार, म्हणजे शेवट माझ्या हातात. चार्ली बरा झाला म्हटले असते तर हे मला थोडेच पकडणार होते? लेकीचे मत स्पष्ट होते. "आई, आठवी सोड आणि नववी घे. त्यांना कशाला पुन्हा सांगतेस?" तिचे चुकत होते असे मी आजही म्हणणार नाही. ज्या घरी रुग्ण सहज घाबरतो, खिन्न होतो, तिथे ही कथा नकोच. पण घड्याळाच्या दिवशी "नाही जमलं" हे ऐकून ह्यांच्या चेहऱ्यावर भीती आली नव्हती. एक प्रकारची सुटका दिसली होती. आपल्याला जे जाणवते ते समोरच्यालाही दिसते आहे, याची. मी कथा वाचायची ठरवली आणि जशी आहे तशीच वाचायची ठरवली.

वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर एक गंमत झाली. चार्लीचे इंग्रजी सोपे, म्हणून मी मूळच वाचत होते. रात्री डोळ्यांनी वाचताना ज्या चुकांनी मला टोचले होते, त्या मोठ्याने वाचताना नाहीशाच झाल्या. त्याने शब्द कानाला ऐकू येतो तसा लिहिलेला, त्यामुळे उच्चारला की तो बरोबरच. ऐकणाऱ्याला चूक कळायला मार्गच नाही. ह्यांना फक्त एक साधा, उत्सुक, जरासा घाबरलेला माणूस ऐकू येत होता, ज्याला उंदराने हरवले होते आणि ज्याला शहाणे व्हायचे होते. मी मध्येच थांबले. 'दुध' आणि 'दूध' मनातल्या मनात म्हणून पाहिले. दोन्ही वेळा दूधच आले.

आठ दिवस ती कथा चालली. उतार सुरू झाल्यावर मी रोज दहाच मिनिटे वाचत असे. शेवटाकडे एक प्रसंग आहे. सगळे विसरलेला चार्ली सवयीने पुन्हा मिस किनियनच्या वर्गात जाऊन आपल्या जुन्या जागी बसतो. आपण इथून केव्हाच पुढे गेलो होतो, हे त्याला आठवत नाही. बाई त्याला पाहतात आणि रडत वर्गाबाहेर जातात. मी शिक्षिका, माझा आवाज तिथे नीट लागला नाही.

"त्याला कळतंय का, की कमी होत चाललंय?" ह्यांनी विचारले.

"हो, कळतंय," मी म्हणाले.

बराच वेळ हे खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "त्या बाईंना सांग, रडू नका म्हणावं."

त्या बाई म्हणजे मिस किनियन की मी, हे मी विचारले नाही. शेवटची विनंती वाचली. गाव सोडून जाताना चार्ली वहीत लिहून ठेवतो, की जमल्यास परसातल्या अल्जरनॉनच्या थडग्यावर फुले वाहावीत. स्वतःचे सगळे चालले असताना त्याला त्या उंदराची आठवण आहे. ह्यांनी "हं" केले आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी हे गप्प होते. दुपारी जेवण अर्धे टाकले. मी फार मोठी चूक केली असे वाटून दिवसभर माझ्या पोटात गोळा होता. लेकीला फोन केला तर ती रागावली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पूर्ववत. कथा आठवत नव्हती. त्या गप्प राहण्याचा कथेशी संबंध होता, की तो आजारातला एक ढगाळ दिवस होता, हे मला सांगता येणार नाही.

त्या दुपारी मी खणातून ह्यांची वही काढली. पुस्तक वाचतो तशीच ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मागील वर्षाच्या पानांपासून. लाल खुणा माझ्या डोळ्यांना दिसत होत्या, ह्यांच्या कानाला दिसत नव्हत्या. भाजीचे दर, दुधाचा हिशेब, खालची एकेक ओळ. 'आज गच्चीवर बसलो. वारा होता.' हे कान देऊन ऐकत होते. "कोणी लिहिलंय हे?" "तुम्ही." "बरं लिहिलंय," म्हणाले, आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

लाल पेन मी कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाला देऊन टाकले. वही आता टेबलावर उघडी असते, शेजारी पेन्सिल. पंधरा दिवस तिला कोणी हात लावला नाही. नंतर एके सकाळी एक ओळ दिसली. अक्षर वाकडे, ओळ सोडून खाली उतरलेले, एक शब्द अर्धाच. पावसाविषयी काहीतरी आहे. त्या दिवशी पाऊस नव्हता. काही दिवस ओळ असते, बहुतेक दिवस नसते. असेल तेव्हा साडेचारला मी ती आधी वाचते आणि मग पुस्तक उघडते.

नववी कथा अजून सुरू केलेली नाही. ह्यांना सेफ्टी पिनांची गोष्ट पुन्हा हवी आहे, आणि ती ह्यांच्यासाठी दर वेळी नवीनच असते. काल ती वाचताना माझाच चष्मा सापडत नव्हता.